परांचीच्या भोकांतले पोपट

तुकोजीच्या तेराव्याला जेवून उठलेले दोघे जण ओट्यावर पान लावत बसले होते. एक म्हणाला, "माणूस कामाचा होता. हात मात्र साफ नव्हता." ज्याच्या घरचं जेवले त्याच्याच ओट्यावर बसून हे बोलणं चाललं होतं. मी तिथेच दोन शब्द सुनावले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि पान तोंडात घातलं. भरल्या तोंडानं उत्तर द्यावं लागत नाही. म्हणून आता लिहून काढतो.

तुकोजीचा हात साफ नव्हता हे एका अर्थी खरं. सुंभ ओढून ओढून त्याच्या दोन्ही तळव्यांवर काळे पट्टे पडले होते. ते कशानंही जात नसत. त्याहून दुसरा डाग त्याच्या हाताला नव्हता, आणि हे मी त्या हातांनी बांधलेल्या फळीवर उभं राहून सांगतो. मी चुन्याचं काम करायचो. देवळाच्या गोपुरावर चढून मूर्तींची फुटकी नाकं, झडलेली बोटं चुन्यानं पुन्हा घडवायची, हा माझा धंदा. पायाखालची फळी तुकोजीची. माझा जीव जन्मभर त्याच्या गाठींवर टांगलेला होता.

परांचीला आमच्याकडे सारम् म्हणतात. कुंभकोणमात देवळं इतकी की कुठल्या ना कुठल्या गोपुराला परांची चढलेलीच असते. खालून जाणाऱ्याला वाटतं, वासे उभे केले, आडवे बांधले, झालं. तसं नसतं. सुरूचा वासा आधी कोयत्याच्या पाठीनं ठोकून बघायचा. आवाज बसका आला की तो चुलीत. सुंभ रात्रभर पाण्यात भिजवायचं, ओलंच बांधायचं, म्हणजे वाळताना ते आवळत जातं. पहिलं ऊन लागलं की पुन्हा वर चढून प्रत्येक गाठ हातानं चाचपायची. तुकोजी हे दर खेपेला करायचा. न करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या परांचीवरून पडलेली माणसंही मी बघितली आहेत.

त्याला सुंभ वळून द्यायची ती त्याची बायको नागलक्ष्मी. दुकानातलं सुंभ तुकोजी हातात धरत नसे. "हे वर चढणाऱ्याचं नाही, विकणाऱ्याचं सुंभ," असं म्हणून तो ते परत फेकायचा. तोंडानं फटकळ होता. आमच्या चार-सहा मराठी घरांत त्याचं कुणाशी भांडण झालं नाही असं नाही. माझ्याशी झालं ते चुन्यावरून. मी म्हणत होतो चुना अजून मुरायला हवा, तो म्हणत होता परांची तुझ्या चुन्यासाठी पावसात उभी राहणार नाही. वर्षभर बोललो नाही. पण त्या वर्षातही मी त्याच्याच फळीवर उभा राहिलो आणि त्यानं माझी फळी इतरांपेक्षा सैल बांधली नाही.

आमच्या लोकांचं एक विठोबाचं देऊळ आहे. तंजावरच्या राजांबरोबर जे लोक इकडे आले त्यांच्यातल्या कुणी बांधलेलं. गोपुर फार उंच नाही, पण जुन्या विटांचं, भक्कम. दर बारा वर्षांनी देवळाचा कुंभाभिषेक होतो. म्हणजे डागडुजी करायची, रंग द्यायचा, कळसावर मंत्राचं पाणी घालायचं, की देवळात देव पुन्हा नव्यानं बसला. त्या दिवशी परांची बांधणाऱ्याच्या डोक्याला पुजारी देवाच्या अंगावरचं वस्त्र बांधतो. त्याला परिवट्टम म्हणतात. तुकोजीच्या आजाला ते मिळालं, बापाला दोनदा मिळालं. तिन्ही वस्त्रं नागलक्ष्मीच्या पेटीत घडी घालून ठेवलेली होती. त्र्याऐंशी सालच्या कुंभाभिषेकाला सगळी परांची तुकोजीनं बांधली, पण बाप जिवंत होता, म्हणून वस्त्र बापाच्या डोक्याला. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. पुढची पाळी त्याची होती. त्यानंतरच्या पाळीपर्यंत त्याचे गुडघे टिकणार नाहीत, हे त्यालाही माहीत होतं.

आता भोकांचं सांगतो. गोपुर बांधलं त्या लोकांनी विटांत जागोजाग हात शिरेल एवढी भोकं ठेवली आहेत. परांचीच्या आडव्या वाशांची टोकं त्यांत जातात. काम संपलं की वासे निघतात, भोकं उघडी राहतात. त्यांत पोपट राहायला येतात. तुकोजी म्हणायचा, "बारा वर्षं त्यांची, दोन महिने माझी." त्याच्या बापाचंही हेच होतं. म्हणून ते परांची आषाढ-श्रावणात बांधायचे. आमच्याकडे पाऊस दिवाळीच्या आगेमागे येतो, तोपर्यंत काम उरकतं. पोपटांची पिल्लं तर उन्हाळा भरात येण्याआधीच उडून गेलेली असतात. कुणाचं कुणाला आड येत नाही.

चौऱ्याण्णव साली पंकजा आली. आमच्यातलीच मुलगी, बँकेतल्या वेंकटरमणची. मद्रासला पाखरांचा अभ्यास करत होती. तिला बघायचं होतं की ज्या गोपुरात पोपट जन्मतो त्याच गोपुरात तो पुढे घर करायला परत येतो का. ती सरळ तुकोजीच्या ओट्याशी येऊन उभी राहिली.

"तुकोजी मामा, मला वर जायचंय."

"पायात काय आहे?"

"चप्पल."

"काढा. ओढणी कमरेला बांधा. आणि वर गेल्यावर देवाचं नाव घेऊ नका, शिडीचं नाव घ्या. धरायची ती शिडी आहे."

तो तिला अजून "पंकजम्मा" आणि "अहो" म्हणत होता. महिनाभरानं "अगं" झालं.

पायात कडी घातली तर पोपट ती चोचीनं वाकवून टाकतो, म्हणून तिनं दुसरंच काही आणलं होतं. भाताच्या दाण्याएवढी काचेची नळी, आत तांब्याच्या तारेची बारीक गुंडाळी. जाड सुईनं ती पाखराच्या पाठीत कातडीखाली सरकवायची. तुकोजीनं ती नळी उन्हात धरून उलटसुलट बघितली.

"ह्याची बॅटरी कुठाय?"

"नाहीच, मामा. ही आपण होऊन काही करत नाही. वाचायचं यंत्र हातभर अंतरावर आणलं की तेवढ्यापुरती जागी होते, आपला नंबर सांगते, पुन्हा निजते. पाखरू जगेल तोवर चालते."

"मग आमच्या मुकुंदरायरसारखीच. जवळ जाऊन विचारलं तर आपलं नाव सांगायचं, एरवी निजायचं."

मुकुंदराव देवळाच्या समितीचे अध्यक्ष. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. आमच्याकडे अशा घरांतल्या माणसांना रायर म्हणतात. ते खाली मंडपात बसले होते आणि त्यांना ऐकू गेलं असावं. जावं म्हणूनच तो बोलला होता.

पाखरं धरायची ती तुकोजीनं. पंकजा सुई सरकवायची. पोपट चावतो तेव्हा मांस घेऊनच सोडतो. तुकोजीच्या अंगठ्यातून रक्त गळत होतं आणि तो म्हणत होता, "चावतोय ना? म्हणजे धड आहे. न चावणाऱ्याला सोडा आधी." भोकांच्या तोंडाशी तारेची कडी बसवायची होती. त्यातून पोपट आत-बाहेर गेला की त्याचा नंबर यंत्र आपोआप टिपून ठेवतं. ती कडी चुन्यात बसवायचं काम मी केलं. पंकजाला चिकटपट्टी लावायची होती. मी म्हटलं, चिकटपट्टी लावायची असेल तर मला कशाला बोलावलं? यंत्राची पेटी आणि मोटारीची बॅटरी गोपुराच्या आतल्या माळ्यावर ठेवली. जानेवारीत पिल्लं झाली, त्यांनाही नळ्या घालून झाल्या, आणि पंकजा काम दाखवायला मद्रासला गेली.

ती गेली आणि समितीनं कुंभाभिषेकाची तारीख काढली. मासी महिन्याची, म्हणजे माघ-फाल्गुनातली. एका मोठ्या देणगीदाराचा मुलगा परदेशातून तेव्हाच रजेवर येणार होता. म्हणजे परांची लगेच बांधायची. भोकाभोकांत पिल्लं असताना.

तुकोजी मंडपात गेला. मी बरोबर होतो.

"रायर, आत्ता भोकांत पिल्लं आहेत. पंखसुद्धा आलेले नाहीत. चैत्रापर्यंत थांबा."

"तुकोजी, मुहूर्त पिल्लांना विचारून काढत नाहीत."

"मग वासे कुठे घालू? पिल्लांच्या पोटात?"

"ते तू बघ. भोकं तुझी ना? गावभर तूच सांगत असतोस."

"माझी म्हणजे—"

"तुला जमत नसेल तर पापनाशमचा कंत्राटदार लोखंडी नळ्या घेऊन यायला तयार आहे. त्याला भोकं लागतात, पिल्लं लागत नाहीत."

हे शब्द मी कानानं ऐकले आहेत. भोकं तुझी, तू बघ. ज्यानं हे म्हटलं त्यानंच पुढे काय केलं ते आता येईल.

तुकोजी नाही म्हणून घरी बसू शकला असता. पण मग कंत्राटदाराच्या माणसांनी नळ्या सरळ आत ढोसल्या असत्या. ते मी दुसरीकडे बघितलेलं आहे. नळीच्या तोंडाला काय लागून येतं ते लिहीत नाही. तुकोजीनं काम घेतलं. परांची मजल्यामजल्यानं चढत गेली, आणि प्रत्येक भोकात वासा घालण्याआधी तो हात घालून पिल्लं बाहेर काढायचा. पाटीत नागलक्ष्मीचं जुनं लुगडं अंथरलेलं असायचं. पाटी दोरानं खाली यायची. भर दुपारी. सगळी गल्ली बघत असायची. समितीची माणसंही. पिल्लांचे आईबाप गोपुराभोवती ओरडत फिरायचे, तुकोजीच्या डोक्यावर झडप घालायचे. तो मुंडासं घट्ट आवळून परांची बांधत राहायचा. एरवी वर चढला की अखंड बडबड करणारा माणूस. त्या दिवसांत एक शब्द नाही.

पिल्लं द्यायची कुणाला? भरवायला ज्याला येतं त्याला. तळ्याच्या काठावर अंजप्पन नावाचा ज्योतिषी बसायचा. पिंजऱ्यातला पोपट बाहेर यायचा, चोचीनं पत्ता ओढायचा, आणि अंजप्पन तुमचं लग्न कधी ते सांगायचा. अंजप्पनचं ज्योतिष मला ठाऊक नाही, पण पोपटाचं पिल्लू जगवणं त्याच्याइतकं गावात कुणाला येत नव्हतं. मात्र सरकारनं नुकतीच पोपट पाळायला बंदी घातलेली. अंजप्पन पाटी बघून मागे सरकला.

"पोलीस धरतील, अण्णा."

"मेली तर मी धरीन. पोलीस परवडले."

"आणि ठेवू किती दिवस?"

"उडायला लागली की सोड. एक जरी पिंजऱ्यात दिसलं तर तुझे पत्ते तळ्यात."

नागलक्ष्मी रोज डाळ शिजवून, घोटून, केळं कालवून अंजप्पनकडे पाठवायची. "नवऱ्यानं काय आणून ठेवलंय," असं म्हणायची आणि घोटायची. अंजप्पन तिरुनीलक्कुडीचा. पिल्लांना पंख आले तसतशी त्यानं ती गावाकडे नेऊन शेतांवर सोडली. एकाचा डावा पंख वळलेला होता, त्याला उडताच येईना. ते त्यानं ठेवलं.

तुकोजीची चूक झाली असेल तर एकच. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. लपवलं म्हणून नव्हे. सांगायचं असतं हेच त्याला सुचलं नाही. परांची चढत असताना भोकात जे असेल ते परांचीवाल्यानं बघायचं, हे आमच्या धंद्यात शंभर वर्षं चालत आलेलं. त्याच्या बापानं एकदा घुबडाचं पिल्लू असंच काढून घरी वाढवलं होतं, तेव्हा कुणी विचारायला आलं नाही. पण ह्या पाखरांना आता नंबर होते. नंबर लागला की वस्तू कुणाची तरी होते, आणि कुणाची तरी झाली की तिचा चोरही लागतो. हे तुकोजीला कळलं नाही. मलाही नाही.

पंकजा परत आली ती गोपुराला परांची बघून थिजलीच. कडी काढून एका कोपऱ्यात ठेवलेली, भोकांत वासे, पोपट एक नाही. तुकोजी त्या दिवशी सुरूचे वासे बघायला बाहेरगावी गेलेला. तिनं समितीत विचारलं तर "आम्हाला काय माहीत" असं उत्तर मिळालं. ती संतापून तळ्याच्या बाजूनं घरी चालली होती. अंजप्पनच्या पिंजऱ्यात तिला कोवळा पोपट दिसला. वाचायचं यंत्र पिशवीत होतं. तिनं पिंजऱ्याला लावलं.

टीं.

"हे पाखरू चोरलेलं आहे!" ती ओरडली. गर्दी जमायला वेळ लागला नाही. अंजप्पन घाबरून म्हणाला, "मी नाही चोरलं. मला तुकोजी अण्णानं दिलं."

खरं तेच तो बोलला. पण ते वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर फिरलं आणि रात्र पडायच्या आत त्यातला "दिलं" जाऊन तिथे "विकलं" आलं.

समितीनं मंडपात बैठक बोलावली. काम संपत आलं होतं, रंग चढला होता, परांची उतरायची तेवढी बाकी. पंकजानं यंत्र पुढे ठेवलं. मुकुंदरावांनी ते पुन्हा वाजवून दाखवायला लावलं. पिंजरा आणलेला होताच. टीं. सगळ्यांनी माना डोलावल्या, जणू देवानंच कौल दिला.

"तुकोजी, हे पाखरू तू अंजप्पनला दिलंस?"

"दिलं."

"कबूल करतो आहे," मुकुंदराव बाकीच्यांना म्हणाले.

"कबूल कसलं? दिलं म्हणतोय. एकटं हेच नाही, सगळी दिली. भोकं तुझी, तू बघ, असं तुम्हीच म्हणालात. बघितलं. पिल्लं आत ठेवून वासे घालायचे होते काय? मग अभिषेकाचं पाणी वरून कुणावर पडलं असतं, रायर? मढ्यांवर?"

मला वाटलं, संपलं, आता कळलं ह्यांना. पण झालं उलटच. तुकोजी जे बोलला ते कुणालाच ऐकून घ्यायचं नव्हतं. ते खरं मानलं तर मुहूर्तासाठी पाखरांची घरं मोडली, हे समितीच्या अंगावर येत होतं, आणि देणगीदार तिथेच बसला होता. त्यापेक्षा तुकोजी चोर असणं सगळ्यांच्या सोयीचं.

पंकजा मधे बोलली. हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. "यंत्र एवढंच सांगतं की हे पाखरू कोण आहे. ते कुणी दिलं, का दिलं, पैसे घेतले का, ह्यातलं काहीही ते सांगत नाही. मी चारचौघांत ओरडले ते चुकलं माझं."

"तू लहान आहेस," मुकुंदराव म्हणाले. "यंत्र खोटं बोलत नाही."

मी उठलो. मी म्हटलं, "पाटी खाली येताना तुम्ही सगळे बघत होता. चोरी भर दुपारी, घंटा वाजवून करतात काय?"

"गोपाळ, तू चुन्याचं बोल."

"चुन्याचंच बोलतो. तो खोटा असला तर पहिल्या पावसात कळतो. माणसाला वेळ लागतो, एवढाच फरक."

मला बसायला सांगितलं. मी बसलो नाही, बाहेर गेलो. आत ठरलं ते असं: परिवट्टम परांचीवाल्याला द्यायचं नाही. देवाच्या दारात हात साफ नसलेल्या माणसाला मान नाही. आणि भोकं सिमेंटनं बुजवून टाकायची, म्हणजे पाखरांची कटकटच नको. पुढच्या वेळी भोकं न लागणाऱ्या, जमिनीवर उभ्या राहणाऱ्या लोखंडी नळ्या लावू.

तुकोजी एवढंच म्हणाला, "वस्त्र ठेवा तुमच्याकडे. सारम् मात्र मीच सोडणार."

ती गोष्ट मुकुंदरावांनाही नाकारता येत नव्हती. परांची ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. कुठला वासा कुणाच्या आधारावर आहे हे त्यालाच माहीत. दुसऱ्यानं हात लावला तर मेलेली माणसं मोजावी लागतात. तुकोजीनं ती वरून खाली सोडत आणली, एकेक गाठ बोटांनी, कोयता न लावता. अपमान झालेला माणूस हात उडवून निघून गेला असता, निदान सुंभ कापून मोकळा झाला असता. त्यानं सुंभ सोडून, झटकून, वेटोळी करून नागलक्ष्मीच्या हातात दिलं. पुढच्या कामाला चालेल म्हणाला.

भोकं बुजवायला मला सांगितलं. मी चुन्याचा माणूस, सिमेंटला हात लावत नाही, असं सांगून मी घरी बसलो. मग कुठलासा गवंडी आणला. त्यानं रस्त्यावरून दिसणारी पुढची भोकं बुजवली. मागची बाजू गल्लीकडे, तिथून गोपुराकडे कुणी मान वर करून बघत नाही. तिथे त्यानं हात लावला नाही आणि सगळं झालं म्हणून सांगितलं. समितीतल्या एकानंही मागे जाऊन बघितलं नाही. त्या कामचुकार माणसामुळे पोपटांना जागा उरली. ह्याचाही मला राग आहे. चांगलं व्हायचं तर ते नेकीच्या कामातून व्हावं, असल्या कामातून होऊ नये.

कुंभाभिषेकाच्या दिवशी तुकोजी देवळात गेला नाही. मागच्या गल्लीत उभा राहिला. कळसावरचं पाणी वाऱ्यानं तिकडेही आलं. त्यानं तोंड पुसलं आणि मला म्हणाला, "कळस जरा डावीकडे कललाय. बघ." कललेला नव्हता. त्याला काहीतरी बोलायचं होतं.

त्यानंतर आमच्या लोकांकडची कामं त्याला मिळाली नाहीत. तमिळ लोकांच्या देवळांवर तो बांधत राहिला. तिकडे त्याला कुणी काही विचारलं नाही. पण आपल्या लोकांच्या लग्नामुंजीत पंगतीला बसला की शेजारचं पान रिकामं राहायचं. नागलक्ष्मीनं जाणं सोडलं. तो मात्र जायचा. "मी का जाऊ नको? मी काय केलंय?" असं म्हणायचा आणि त्या रिकाम्या पानाशेजारी पोटभर जेवून यायचा. पुढे छाती धरली. सुरूची धूळ, सुंभाचा भुसा, जन्मभराचा. वर चढणं थांबलं.

पंकजानं काम सोडलं नव्हतं. तिनं मागच्या भोकांना पुन्हा कडी बसवून घेतली, माझ्याकडूनच. वर्षं गेली. जन्मलेला पोपट घर करायच्या वयाचा व्हायला तेवढा वेळ लागतोच म्हणे. सत्त्याण्णव संपत आलं होतं. मी तुकोजीच्या ओट्यावर बसलो होतो. पंकजा सायकल भिंतीवर टाकून धावत आली.

"मामा, आला!"

"कोण आला?"

"पोपट. गोपुराच्या पाठच्या भोकात. दोन दिवस आत-बाहेर करतोय, मादीपण आहे. नंबर पाटीतला आहे, मामा. तुम्ही काढून अंजप्पनला दिलेल्यातला. दुसऱ्या मजल्यावरच्या भोकातला."

तुकोजी उठून बसला. त्याला धाप लागली.

"पंख धड आहेत?"

"उडत येतोय म्हणजे धडच की."

"तिरुनीलक्कुडीहून उडत आला." तो हसला, खोकला, पुन्हा हसला. "अगं नागलक्ष्मी! तुझी डाळ खाल्लेला आलाय. भाडं मागू का?"

आतून उत्तर आलं, "डाळीचे आधी माग."

मी आणि पंकजा त्याच संध्याकाळी मुकुंदरावांकडे गेलो. तिनं समजावून सांगितलं: पाखरू विकलं गेलं असतं तर पिंजऱ्यात असतं. ते सोडलं गेलं, जगलं, आणि जिथे जन्मलं तिथे परत आलं. मुकुंदरावांनी ऐकून घेतलं. चष्मा पुसला.

"एक पोपट आला. पिंजऱ्यातून सुटला असेल."

"तेव्हा यंत्र खोटं बोलत नव्हतं," मी म्हटलं. "आता काय झालं त्याला?"

"गोपाळ, झालं ते झालं. आता उकरून काय उपयोग? समितीनं ठराव केलेला आहे."

"ठराव फिरवा."

"असं फिरवता येत नाही."

एक माणूस चोर ठरवायला त्यांना एक टीं पुरली होती. तो चोर नाही हे ठरवायला तेच यंत्र, तोच आवाज, तीच मुलगी पुरेना. ह्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं. मला जे म्हणायचं ते मी त्यांच्या दारात म्हणून आलो, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या हंगामात आणखी एक पाटीतला पोपट आला. तुकोजीला मी उचलून मागच्या गल्लीत नेलं, खुर्चीवर बसवलं. भोकातून हिरवं डोकं बाहेर आलं, आम्हा दोघांकडे बघून ओरडलं आणि आत गेलं. तुकोजी म्हणाला, "शिव्या देतोय. बरोबर आहे." तो उन्हाळा त्यानं काढला नाही.

तिरडी मी बांधली. नागलक्ष्मीनं माळ्यावरून सुंभ काढून दिलं. तेच, कुंभाभिषेकाच्या परांचीचं. मी ते आधी भिजवलं. कुणीतरी म्हणालं, "वेळ कशाला घालवतोस, घाटापर्यंतच तर न्यायचंय." मी भिजवलंच, आणि प्रत्येक गाठ दोनदा चाचपली.

निघायच्या वेळी मुकुंदराव आले. हातात ताटलीत घडी घातलेलं रेशमी वस्त्र. देवाच्या अंगावरचं. सगळे बाजूला झाले. ते हळू आवाजात नागलक्ष्मीला म्हणाले, "समितीतर्फे आणलंय. अंगावर घालू."

नागलक्ष्मी रडत होती. तिनं डोळे पुसले आणि ते वस्त्र बघितलं.

"चोर नव्हता म्हणून आणलंत, की मेला म्हणून?"

मुकुंदरावांनी वस्त्राची घडी सारखी केली. ती थांबली. सगळ्यांनी बघावं एवढा वेळ थांबली. त्यांनी घडीचं दुसरं टोकही सारखं केलं.

"मग न्या, रायर. हे डोक्याला बांधायचं होतं, माणूस उभा असताना. आता त्याला काही नको."

ते परत न्यायचं तर देवळाची वाट उलट्या बाजूला, आणि तिरडी उचललेली. सोडून जाणं बरं दिसलं नसतं. मुकुंदराव आमच्या मागोमाग घाटापर्यंत चालत आले. ताटली तशीच हातात. तिथे लाकडं होती, माती होती, माणसं होती. ते वस्त्र ठेवायला त्यांना कुठे जागा सापडली नाही.